माप उरलं, तर गाडी उरेल

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. फारूख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर १९६० च्या सुमारास उभा केलेला हा कारखाना. त्याच्या गाड्या आधी ‘जावा’ आणि १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्याला पोचल्या. डॉक्टरांकडे होत्या, शाळामास्तरांकडे होत्या, ऊसवाल्या शेतकऱ्यांकडे आणि दुधाचे कॅन बांधून पहाटे निघणाऱ्यांकडे होत्या. त्यातली सगळ्यात शेवटची गाडीसुद्धा आता तीस वर्षांची होत आली. २०१८ मध्ये जावा नावाची नवी मोटारसायकल बाजारात आली, २०२२ मध्ये येझदीही आली, तेव्हा पुष्कळांना वाटलं की पार्टचा प्रश्न सुटला. तो सुटलेला नाही. नवी गाडी फोर-स्ट्रोक आहे, तिचं इंजिन पाण्यावर थंड होतं. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात तिचा एकही भाग बसत नाही.

तरीही जुन्या गाड्या चालतात. कुणाच्या जिवावर? दुकानांच्या माळ्यावर पडून राहिलेल्या शिल्लक मालाच्या, मोजके भाग अजून बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांच्या आणि सगळ्यात जास्त म्हणजे लेथवर बसून ‘नाही मिळत ना, मग करू’ म्हणणाऱ्या मिस्त्रींच्या. या तिन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत संपत चालल्या आहेत. आपण आत्ता हालचाल केली नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती येतील त्या फक्त पॉलिश केलेल्या, किक न लागणाऱ्या गाड्या. म्हणून हा लेख.

आधी शिल्लक मालाबद्दल. तालुक्याच्या गावातलं जुनं स्पेअर पार्टचं दुकान बंद होतं तेव्हा काय घडतं, ते मी जवळून पाहिलं आहे. मालक थकलेले किंवा गेलेले असतात. मुलांचा व्यवसाय दुसरा असतो आणि गाळा रिकामा करून द्यायची घाई असते. भंगारवाला येतो, आणि सगळ्यात आधी फाडली जातात ती खोकी, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा. त्या खोक्यांवर पार्ट नंबर छापलेला असतो, गाडीचं मॉडेल असतं. खोकं गेलं की आतला गिअर नुसता एक दातेरी लोखंडाचा तुकडा उरतो. तो कोणत्या गाडीचा, पहिला की तिसरा, हे ओळखणारा माणूस तिथे नसतो. मग तो काट्यावर चढतो आणि किलोच्या भावाने जातो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा कुर्ल्याच्या भंगारात त्यातला एखादा भाग नशिबाने पुन्हा दिसतो. बाकीचे भट्टीत जातात.

माझी पहिली विनंती या दुकानदारांच्या घरच्यांना. माल विका, जरूर विका, त्याचे चांगले पैसेही घ्या. पण खोकी फाडू नका. महाराष्ट्रात आज क्वचितच एखादं शहर असेल, जिथे जावा-येझदी, राजदूत, बुलेट किंवा आरएक्स हंड्रेड सांभाळणारा गट नाही. त्यांच्यातल्या एकाला फोन करा. भंगारवाल्यापेक्षा जास्त भाव मिळेल आणि तुमच्या वडिलांनी आयुष्यभर जमवलेला माल त्याच्या कामाला लागेल.

आता लेथवाल्यांबद्दल, कारण सगळा जीव तिथे आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका छोट्या गाळ्यात मी बराच वेळ बसून होतो. मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. एक तरुण मुलगा जावाचा ब्लॉक आणि दुसऱ्याच एका गाडीचा पिस्टन घेऊन आला होता. जावा २५० चा बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. मूळ पिस्टन त्याला मिळत नव्हता. याचा व्यास जुळतोय, म्हणून तो खुशीत होता. मिस्त्रींनी जुना आणि हा, दोन्ही पिस्टन शेजारी शेजारी काचेवर ठेवले आणि व्हर्निअर उचललं. म्हणाले, “पासष्ट हाय म्हणून बसंल. पण चालंल का, ते बघ की आधी.”

मग त्यांनी एकेक माप घेतलं. आधी पिनचा व्यास. मग पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची. ती जास्त असेल तर पिस्टन हेडला भिडेल, कमी असेल तर कॉम्प्रेशन पडेल. मग स्कर्टची लांबी. जावाच्या टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात. ब्लॉकमधली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडण्याचं आणि मिटण्याचं काम पिस्टनच करतो. स्कर्ट आखूड असेल तर इनलेट पोर्ट लवकर उघडतं, उशिरा मिटतं, आणि आत आलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे फेकलं जातं. सगळ्यात शेवटी त्यांनी पिस्टनच्या खाचेतली बारीक खुंटी दाखवली. रिंगचं तोंड त्या खुंटीपाशी थांबतं, म्हणजे रिंग फिरत नाही. ही खुंटी पोर्टच्या खिडकीसमोर आली, तर रिंगचं टोक त्या खिडकीत अडकतं, तुटतं आणि ब्लॉकला वरपासून खालपर्यंत ओरखडे पाडतं. मुलाने आणलेल्या पिस्टनची खुंटी नेमकी तिथेच येत होती.

त्यांनी पिस्टन परत केला नाही. जुनी खुंटी काढून नवी जागा करता येईल का, माथा किती तासता येईल, याचा हिशोब करू लागले. बोअर मारून झाल्यावर पोर्टच्या कडांची धार कानशीने कशी मोडायची, हेही त्यांनी त्या मुलाला समजावलं. ही धार मोडली नाही तर नवी रिंग पहिल्याच फेरीत खरवडली जाते. हे सगळं कुठे लिहिलेलं आहे? त्यांच्या गाळ्यातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर, खडूने. कुठल्या गाडीचा पिस्टन कुठे चालतो, किती तासावा लागतो, क्रँकला कुठला बुश बसतो, अशी कित्येक वर्षांची आकडेमोड. कपाट विकलं गेलं किंवा कुणी दार रंगवलं की ती गेली.

हा खडू मला अस्वस्थ करतो. दुर्मीळ भाग मिळत नाही म्हणून आपण हळहळतो, पण पुष्कळदा भागापेक्षा त्याचं माप जास्त दुर्मीळ असतं. माप असेल तर भाग नव्याने बनवता येतो. माप हरवलं की हातात आलेला अस्सल भागही ओळखता येत नाही.

याची एक दिलासा देणारी बाजू आहे, ती प्रत्येक मालकाने समजून घ्यावी. जावा मूळची युरोपातली, तिची मापं मेट्रिक. बेअरिंगच्या कडेवर ६२०४ असा आकडा वाचता आला, तर ते २० मिलिमीटर आतून, ४७ बाहेरून आणि १४ रुंद आहे. हे जगभर एकच आहे. ते ‘जावाचं’ बेअरिंग नसून बाजारात मिळणारं साधं बेअरिंग आहे. ऑइल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी कळली की शहरातल्या सीलच्या दुकानात ते मिळतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील कडक झालं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं किंवा गिअर बॉक्सचं ऑइल पितं आणि सायलेन्सरमधून धुराचे लोट निघतात. कितीतरी गाड्या ‘इंजिन संपलं’ म्हणून कोपऱ्यात उभ्या केल्या गेल्या, आणि त्यांचं दुखणं या दोन रबरी चकत्यांपुरतं होतं. बुलेटवाल्यांची परीक्षा जास्त कठीण. जुन्या बुलेटचे आटे ब्रिटिश इंची मापाचे. त्यात घाईने मेट्रिक बोल्ट कोंबला की केसिंगचे आटे कायमचे जातात. तिथेही उपाय एकच, आधी मोजा, मग पाना उचला.

ओतीव भागांना मात्र माप घेण्याची वेगळी शिस्त लागते. क्लचचं झाकण फुटलं की लोक तेच जुळवून, चिकटवून साच्यासाठी देतात आणि तसंच नवं ओतून मागतात. ॲल्युमिनियम थंड होताना साधारण सव्वा टक्का आकसतं. तीनशे मिलिमीटर लांबीच्या झाकणावरून थेट ओतलेलं नवं झाकण जवळजवळ चार मिलिमीटरने लहान निघतं आणि त्याची स्क्रूची भोकं केसिंगशी जुळत नाहीत. पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, यंत्रकामाला वरून आणखी माया ठेवावी लागते. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. ओतकाम हा त्या शहराचा पिढ्यांचा धंदा आहे. अडचण अशी की एका झाकणासाठी पॅटर्न करणं कुणालाच परवडत नाही. पन्नास झाकणांसाठी परवडतं.

म्हणून दुसरी विनंती गाड्या सांभाळणाऱ्यांच्या गटांना. राइड काढा, जुलैतला जावा दिवस साजरा करा, फोटो काढा; त्याबरोबर वर्षातून निदान एक भाग एकत्र पैसे घालून बनवून घ्या. टाकीच्या बाजूची रबरं, किकचं रबर, मडगार्डचे बुश यांच्या डायचा खर्च चाळीस जणांत वाटला तर कुणालाच जड जात नाही. डाय गटाच्या मालकीची ठेवा, कुण्या एकाच्या कपाटात नाही. आणि रबर बनवून घेताना आजचं पेट्रोल लक्षात ठेवा. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनी पेट्रोलची नळी आणि कॉकमधला वॉशर फुगवतं, ठिसूळ करतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉलला टिकणारं रबर मागून घ्या. उभ्या राहणाऱ्या गाडीतलं पेट्रोल उपसून ठेवा.

काही भाग परदेशातूनही येऊ शकतात. जावाच्या जुन्या मॉडेलांसाठी चेक प्रजासत्ताकात आजही नवे भाग बनतात, आणि म्हैसूरच्या सुरुवातीच्या गाड्या त्यांच्या बऱ्याच जवळच्या आहेत. युरोपात राहणारी आपली मुलंबाळं, भाचरं सुट्टीला येतात तेव्हा गॅस्केटचा एक संच त्यांच्या बॅगेत सहज मावतो. मागवण्याआधी इथल्या भागाचं माप आणि फोटो मात्र त्यांना पाठवा, कारण वर्षांगणिक म्हैसूरने आपले बदल केले होते. येझदी रोडकिंग या मॉडेलपर्यंत येता येता गाडी पुष्कळ वेगळी झाली होती.

आता एक गोष्ट परखडपणे सांगायला हवी. दुसऱ्या गाडीचा भाग बसवण्याला माझी हरकत नाही. उलट, ओरिजिनलच्या हट्टापायी वर्षानुवर्षं सांगाडा होऊन पडलेल्या गाडीपेक्षा दुसरा कार्ब्युरेटर लावून रोज चालणारी गाडी मला कितीतरी जास्त मोलाची वाटते. सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करा, पॉईंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा. पण कापू नका. चेसिसवर ग्राइंडर चालवू नका. किकच्या दांडीचे दाते झिजले म्हणून ती शाफ्टलाच वेल्डिंग करून टाकू नका. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर आहेत. ती शाफ्टला जोडून टाकली की पुढच्या वेळी क्लचचं झाकण उघडायला दांडी कापावी लागते, आणि कापताना शाफ्ट जातो. तेच दाते पाडलेला बुश दांडीत बसवून घेतला असता तर दोन्ही वाचले असते. पुलर नाही म्हणून मॅग्नेटवर छिन्नी मारणं हाही असाच अपराध. पुलर लेथवर अर्ध्या दिवसात तयार होतो.

माझा नियम साधा आहे. बदल असा करा की पुढच्या माणसाला तो उलटवता येईल. काढलेला मूळ भाग, कितीही झिजलेला असला तरी, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आत चिठ्ठी टाका: कोणत्या गाडीचा, कधी काढला, त्या जागी काय लावलं. झिजलेला भाग म्हणजे पुढच्या पॅटर्नचा आधार असतो. तो भंगारात देणं म्हणजे नकाशा जाळणं.

हा नियम कायद्याच्या दृष्टीनेही उपयोगाचा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीला व्हीए मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, त्याची नोंदणी दहा वर्षं चालते, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आहे. अट ही की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हेही ध्यानात घ्या. ज्यांना गाडी रोज चालवायची आहे त्यांच्यासाठी नेहमीचा रस्ता खुला आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, ही गावोगाव पसरलेली समजूत चुकीची आहे. आपल्याकडे खासगी दुचाकीची तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी फॉर्म २५ आहे. गाडी दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ आहे. या कागदांचा कंटाळा करून चांगल्या, पूर्ण गाड्या लोक बिनकागदाच्या म्हणून कवडीमोलाने देतात. मग त्या सुट्या करून विकल्या जातात.

रंगकामाला देण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचे स्पष्ट फोटो काढा, कागदावर पेन्सिलने छाप घ्या. सँडब्लास्टिंगने नंबर पुसट होतो, वर पावडर कोटिंगचा जाड थर बसला की उरलासुरला बुजतो. नंबर वाचता न येणारी गाडी तुम्ही कितीही सुंदर उभी केलीत, तरी आरटीओच्या दारात ती अडकते.

आता साठेबाजीबद्दल, कारण तीही वाचवण्याच्या नावाखालीच चालते. एका गाडीसाठी चार स्पीडोमीटर आणि सहा कार्ब्युरेटर घरात डांबून ठेवणारे लोक आपल्यातच आहेत. एक जास्तीचा ठेवा, समजू शकतो. बाकीचे ज्याची गाडी त्यावाचून उभी आहे त्याला द्या, वाजवी पैशांत द्या. पार्टचा भाव असाच चढत राहिला तर हा छंद फक्त श्रीमंतांचा होईल, आणि ज्या शेतकऱ्याच्या, मास्तरांच्या घरात ही गाडी खरोखर जगली तिथूनच ती सगळ्यात आधी बाहेर जाईल.

आणि मिस्त्रींना त्यांच्या कामाचे पैसे द्या. क्रँक प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग रॉड घालणं, मग दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावून पितळी हातोड्याने ठोकत ठोकत क्रँक सरळ आणणं, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालणारं काम आहे. त्यात अर्धा दिवस जातो. टाकीच्या रंगाला हवे तेवढे पैसे मोजणारे आपण या कामाला घासाघीस करतो. मग मिस्त्रींच्या मुलाने लेथवर बसायचं तरी कशासाठी?

आयटीआयच्या शिक्षकांना तर माझं हात जोडून सांगणं आहे. टर्नर, फिटर, मशिनिस्टच्या मुलांना सरावासाठी ठरावीक नमुने करायला देता, त्यात वर्षाला एक खरा भाग घाला. गावातल्या मिस्त्रींना एक दिवस वर्गावर बोलवा. मुलांना जुन्या राजदूतचा किंवा येझदीचा एक भाग मोजू द्या, त्याचं ड्रॉइंग काढू द्या, धातू कोणता, कडकपणा किती, बसतो सैल की घट्ट, हे लिहू द्या. मुलं मोजायला शिकतील, आणि पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाला येईल असा एक कागद तयार होईल. संगणकावर ड्रॉइंग काढणारी मुलं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना लागतं ते मोजलेलं माप.

तुमच्या गावातला जुना लेथवाला, जुना जावा-येझदीचा मेकॅनिक कोण, ते तुम्हाला नक्की ठाऊक असेल. या महिन्यात त्यांच्याकडे जा. वही न्या, व्हर्निअर न्या, मोबाइलमध्ये फोटोला जागा ठेवा. काका, हे कसं बसवलंत, असं विचारा आणि ते सांगतील ते आकड्यांसकट लिहून घ्या. वहीची एक प्रत त्यांच्या गाळ्यात ठेवा, एक तुमच्या गटाकडे, एक जवळच्या आयटीआयमध्ये. काम एका दुपारचं आहे, आणि ते सांगू शकणारी माणसं आज आहेत.